कुर्ल्याची पद्मिनी, कोल्हापूरचा पत्रा

१९६६ साली इटलीतील तुरिन शहरात फियाट कंपनीने ‘११०० डी’ ही मोटार बनविणे थांबविले. तीच मोटार मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात, त्यानंतरही सुमारे ३४ वर्षे बनत राहिली. नावे बदलली, अंगकाठी जवळजवळ तीच राहिली. तिचे अखेरचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’.

हा धागा अशाच एका पद्मिनीचा आहे. ती १९७६ची. कोल्हापुरात एका घराच्या मागील अंगणात पत्र्याच्या शेडखाली ती १४ वर्षे उभी होती. गेल्या दोन वर्षांत तिच्यावर घरच्या घरी जे काम झाले, त्यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याला सोडता येऊ नये असा एक प्रश्न पुढे आला. जुनी वस्तू ‘मूळ’ रूपात आणायची म्हणजे नेमक्या कोणत्या दिवशीच्या रूपात?

गाडी एका डॉक्टरांची. दिवसा दवाखाना आणि रात्री-अपरात्री आसपासच्या गावांतील रुग्ण, असा त्यांचा व्यवसाय. गाडी ही त्यांची चैन नव्हती, औषधांच्या पेटीसारखे ते एक साधन होते. २००९ साली डॉक्टर वारले. २०११ मध्ये नोंदणीची मुदत संपली, ती कोणी वाढवून घेतली नाही. घरात मागे राहिल्या त्या डॉक्टरांच्या कन्या. सारे घर त्यांना आत्या म्हणते. नातू पुण्यात नोकरीला. ऑक्टोबर २०२३ अखेर सगळ्या वर्तमानपत्रांत एक बातमी आली आणि त्याला अंगणातील गाडीची आठवण झाली.

बातमी अशी होती. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांचे ठरलेले. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या रस्त्यावर एकही अधिकृत काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही.

आता थोडे मागे जाऊ, कारण ही गाडी अर्धशतक का टिकली याचे उत्तर तिच्या इंजिनात कमी आणि सरकारी कागदांत अधिक आहे.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात बनल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी होऊ लागली. जुळणी हा शब्द महत्त्वाचा. सुटे भाग पेट्यांतून बंदरावर उतरायचे आणि इथे एकत्र बसविले जायचे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स हेच काम १९२८ पासून करीत होती.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने धोरण कडक केले. ज्यांच्याकडे भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच या व्यवसायात राहावे. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियरने फियाटच्या ११०० या छोट्या गाडीचा मार्ग धरला. तिच्या आरंभीच्या गोलसर, पुढचे दरवाजे उलटे उघडणाऱ्या अवताराला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. (हे नाव प्रेमाचे की टिंगलीचे, हे आज ठरविणे अवघड आहे. दोन्ही असावे.) १९६४ मध्ये आली ११०० डी, अर्थात ‘डिलाइट’, सत्तरीच्या आरंभी तिची ‘प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’.

आयातीवर निर्बंध, उत्पादनाला परवाना, विकत घेणाऱ्याला प्रतीक्षायादी. नवा साचा आणावा तर परकीय चलन हवे, आणि ते सरकारकडे नाही. शिवाय जी गाडी बनण्यापूर्वीच विकली गेलेली आहे, तिच्यात सुधारणा कोण कशाला करील? साठच्या दशकाच्या अखेरीस भारतीय मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली होती, आणि किमतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पद्मिनीकडे पाहून आज मन हळवे होते, ते स्वाभाविक आहे. परंतु ती टंचाईची कन्या होती, हे विसरून तिचा इतिहास लिहिता येणार नाही.

कोल्हापूरच्या गाडीत हा इतिहास शाईने लिहिलेला सापडला. डॅशबोर्डच्या कप्प्यात, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली एक लांबट वही होती. डॉक्टरांनी ३३ वर्षे तिच्यात पेट्रोल, तेल, टायर, दुरुस्ती आणि किलोमीटर यांची नोंद ठेवली होती. पहिल्याच पानावर दोन तारखा आहेत: गाडीसाठी नाव नोंदविल्याची १९७०ची, आणि गाडी ताब्यात मिळाल्याची १९७६ची. त्याखाली रंगाविषयी एक ओळ आहे. डॉक्टरांनी पांढरी गाडी मागितली होती. आली ती करडी. सहा वर्षे वाट पाहिलेला माणूस रंगासाठी गाडी परत पाठवीत नाही.

नातवाला ही ओळ प्रथम फारशी महत्त्वाची वाटली नाही. त्याचा बेत स्पष्ट होता: गाडी पूर्णपणे ‘ओरिजिनल’ करायची, कारखान्यातून निघाली तशी.

सुरुवात इंजिनापासून झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असलेले हे इंजिन तसे साधे. पण १४ वर्षे न फिरलेले इंजिन किल्लीने सुरू करू पाहणे म्हणजे ते मोडणे होय. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरलेल्या असतात. प्लग काढून चारही सिलिंडरांत तेल सोडले आणि गाडी आठवडाभर तशीच ठेवली. दर शनिवारी पुण्याहून येऊन नातू गाडी टॉप गिअरला टाकी आणि शेजारच्या दोन मुलांकडून पुढे-मागे ढकलून पाही. चाक फिरले तर इंजिनही फिरले पाहिजे. तीन शनिवार गाडी जागची हलली नाही. चौथ्या शनिवारी ती बोटभर पुढे सरकली आणि प्लगच्या भोकांतून काळे तेल बाहेर आले. आत्यांनी त्या दिवशी साखर वाटली.

पेट्रोलच्या टाकीत जे होते त्याला पेट्रोल म्हणवत नव्हते. लाखेसारखा चिकट थर झाला होता. कार्ब्युरेटर सोडवून त्याची जेट रॉकेलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवावी लागली, आणि तो आठवडा स्वयंपाकघरात सगळ्या भाज्यांना रॉकेलचा वास येत होता, अशी आत्यांची तक्रार आजही ऐकायला मिळते. सीबी पॉइंट घासून त्यांतील फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवली. एवढ्या अंतरावर सारी ठिणगी अवलंबून असते. आजच्या गाड्यांत हा भागच नसतो. पद्मिनीत मात्र तो दर काही महिन्यांनी पाहावा लागतो. ही गाडी एकदा दुरुस्त करून विसरता येत नाही. तिला घरातील वडीलधाऱ्या माणसासारखे नियमाने विचारावे लागते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र ‘ओरिजिनल’चा आग्रह पहिल्याच दिवशी सोडला गेला, आणि तो सोडलाच पाहिजे. चारही चाकांना ड्रम. आत लहान सिलिंडर, त्यात रबरी वाट्या. ब्रेकचे द्रव हवेतील पाणी शोषते, पाण्याने सिलिंडर आतून गंजतात, रबर आखडते. १९७६ची वाटी कितीही अस्सल असली तरी तिच्या भरवशावर उतारावर गाडी सोडणे हा मूर्खपणा आहे. सिलिंडर, वाट्या, नळ्या, टायर सारे नवे घेतले. जीव वाचविणाऱ्या भागांना पुरातत्त्वाचे नियम लागू नयेत.

खरा पेच पत्र्यावर आला.

या गाडीला वेगळी सांगाडा-चौकट नाही. शरीराचा पत्राच सांगाड्याचे काम करतो, म्हणून दरवाजाखालचा उंबरठा गंजला की सारी गाडी खचते. रंग उतरवून पाहण्यावाचून मार्ग नव्हता. वयस्क मेस्त्रींनी घासकागदाने दरवाजाचा एक भाग हलक्या हाताने घासत नेला, तसे रंगाचे थर तळ्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक उघडे झाले. वर पांढरा, त्याखाली लांबीचा पट्टा, मग जरा पिवळट पांढरा, आणखी एक पांढरा, आणि सर्वांत खाली, पत्र्याला धरून, तो करडा. उत्खननातील थर पाहिलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचे वाटेल. वहीशी ताडून पाहता थरांची वर्षेही लागली: पहिला पांढरा १९७९चा. म्हणजे तीन वर्षे मनाविरुद्ध करड्या गाडीतून फिरल्यावर डॉक्टरांनी हवा तो रंग अखेर स्वतः पैसे मोजून लावून घेतला होता.

आता ‘मूळ’ कोणते? करडा रंग कारखान्याचा, पण तो मालकाने मागितलेला नव्हता. टंचाईने दिला होता. पांढरा रंग तीन वर्षांनी आला, पण ३० वर्षे शहराने ही गाडी पांढरीच पाहिली.

वास्तूंच्या संदर्भात हा वाद युरोपात एकोणिसाव्या शतकातच रंगला होता. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक यांचे म्हणणे असे की, पुनरुज्जीवन म्हणजे वस्तूला अशा परिपूर्ण अवस्थेला नेणे, जी कदाचित कोणत्याही एका काळी प्रत्यक्षात अस्तित्वात नव्हती. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांना हीच कल्पना विध्वंसाची वाटे. काळाने केलेले बदल हेच इमारतीचे चरित्र, ते पुसण्याचा कोणाला अधिकार नाही, हा त्यांचा पक्ष. १९६४च्या व्हेनिस सनदेने मधली वाट काढली: सर्व कालखंडांची भर जपावी, आणि नवा भाग घालावाच लागला तर तो जुन्यापासून वेगळा ओळखू यावा. कुर्ल्यात ‘डिलाइट’ आली तेच हे वर्ष, हा निव्वळ योगायोग. मोटारींसाठी असा मसुदा ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारला आणि त्याला तुरिन सनद हे नाव मिळाले. जेथे या गाडीचा जन्म झाला त्याच शहराचे नाव.

नातवाने सनद वाचली होती की नाही, हे महत्त्वाचे नाही. त्याच्यासमोर प्रश्न होता डाव्या मडगार्डचा.

उजवे मडगार्ड कारखान्याचे, पातळ आणि गुळगुळीत. डावे हाताने ठोकून घडविलेले. कडेला घणाच्या खुणा, गोलाई किंचित चुकलेली. समोरून पाहिले तर गाडीचा एक गाल सुजल्यासारखा दिसतो. वहीत त्याची हकीकत आहे. जानेवारी १९८३. राधानगरीच्या रस्त्यावर रात्री एका बाळंतपणासाठी जात असता उसाने भरलेल्या बैलगाडीला धडक. गाडीला मागे दिवा नव्हता, तसा त्या काळी कोणत्याच बैलगाडीला नसे. डॉक्टर वाकलेल्या मडगार्डनिशी पुढे गेले; त्याच नोंदीत कंसात ‘मुलगी’ एवढा एक शब्द आहे. नवे मडगार्ड मुंबईहून मागविले, तीन महिने आले नाही. मग उद्यमनगरात ते घडवून घेतले.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी: उद्यमनगर म्हणजे लेथ, ओतशाळा आणि लहान-लहान कारखान्यांची वस्ती. शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांवर तिने हात बसविला. जो भाग बाजारात मिळत नाही तो नमुना दाखवून तेथे घडवून घ्यायचा, ही या शहराची जुनी रीत आहे. डॉक्टरांच्या वहीत पाण्याच्या पंपाचा दांडा, स्प्रिंगांचे बुश, दरवाजाची बिजागरे, सायलेन्सरची पट्टी अशा कितीतरी वस्तूंपुढे ‘उद्यमनगर’ एवढेच लिहिलेले आहे. एका अर्थी १९९० पर्यंत ही गाडी कुर्ल्याची कमी आणि कोल्हापूरची अधिक झाली होती.

नातू एका रविवारी मुंबईला जाऊन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या बाजारातून कारखान्याचे डावे मडगार्ड घेऊन आला. ते सापडणेही आता सोपे राहिलेले नाही. जोवर हजारो टॅक्स्या धावत होत्या तोवर पद्मिनीचे भाग बनविणे आणि विकणे परवडत असे. हौशी मालकांच्या गाड्या प्रत्यक्षात टॅक्सीवाल्यांच्या जिवावर जगत होत्या. ती मागणी संपली आणि दुकानांच्या मागल्या फळ्या रिकाम्या होऊ लागल्या. मडगार्डसाठी त्याने अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले.

मेस्त्रींनी दोन्ही पत्र्यांवर बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि एवढेच म्हणाले, “काढायचं कशाला? ह्यो पत्रा अजून पन्नास वर्सं जातोय.”

त्यांना इतिहासाशी काही देणेघेणे नव्हते. उद्यमनगरचा पत्रा जाड होता आणि त्याला गंज नव्हता, हा त्यांचा सारा युक्तिवाद. नातू दोन आठवडे निर्णय लांबवीत राहिला. आत्यांना विचारले तर त्या म्हणाल्या, सुजलेल्या गालामुळेच तर गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की बाबा आले हे लांबून कळायचे. अखेर जुने मडगार्ड राहिले. मुंबईहून आणलेले शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवले आहे.

रंग पांढराच दिला. डिकीच्या झाकणाच्या आतील बाजूस मात्र तळहाताएवढी जागा न रंगवता सोडली आहे. तेथे करड्यापासून वरपर्यंतचे सगळे थर दिसतात. ही एकच गोष्ट पाहुण्यांना मुद्दाम दाखविली जाते.

या सगळ्यात इंधनाची एक वेगळीच अडचण निघाली. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागले. इथेनॉल जुन्या रबराला फुगविते, बुचाच्या पॅकिंगला खाते, आणि पाणी ओढून घेऊन टाकी आतून गंजविते. पद्मिनीच्या यांत्रिक पेट्रोल पंपातील पडदा जुन्या जातीच्या रबराचा. नवा पडदा आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्या लागल्या. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही, ही जुन्या गाडीवाल्यांत आता रूढ झालेली सवय त्यानेही लावून घेतली. गंमत अशी की, हे इथेनॉल उसापासून येते आणि कोल्हापूर जिल्हा म्हणजे साखर कारखान्यांचे आगर. १९८३ मध्ये उसाने या गाडीचा गाल सुजविला. आता तोच ऊस टाकीत शिरून तिचे रबर खातो आहे.

राहिली कागदपत्रे. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ दर्जा मिळू शकतो. या गाडीला तो २०२६ मध्ये मागता आला असता. सुजलेला गाल फेरफार ठरतो का, हा वाद घालता आला असता. परंतु अडसर दुसराच निघाला: व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढीच तिला मुभा. काचेच्या कपाटातील गाडी ती.

आत्यांनी एकच विचारले: मग तीतून भाजी आणायला जाता येणार नाही?

नातवाने साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले. पर्यावरण कर, थकबाकी, तपासणी, कार्यालयाच्या चार खेपा, आणि पाच वर्षांनी पुन्हा हेच. तपासणीच्या दिवशी गाडी हातगाडीसारखी ढकलत न्यावी लागली नाही, याचाच घरात आनंद अधिक होता.

या दिवाळीत गाडी पहिल्यांदा फाटकाबाहेर पडली. पुढच्या सलग बाकावर आत्या डावीकडे बसल्या. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर असल्याने मध्ये पिशव्यांना भरपूर जागा. मंडईपर्यंत जाणे-येणे मिळून सात किलोमीटर झाले. डॉक्टरांच्या शेवटच्या नोंदीनंतर वहीतील एक ओळ कोरी सोडून नातवाने तारीख, किलोमीटर आणि पेट्रोल लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये इंजिनाखाली तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला. त्याचीही नोंद वहीत आहे, आणि पुढे डॉक्टरांच्याच पद्धतीने एक शब्द: उद्यमनगर.